देवकीला तरी वसुदेव होता

गेल्या नोव्हेंबरात माझी भाची रोज उलटा प्रवास करायची. घर द्वारका सेक्टर १२ ला, ऑफिस बाराखंबा रोडला. सरळ गाडी, बदलायची भानगड नाही. तरी ही बाई आधी उलट दिशेच्या गाडीत चढायची, पाच स्टेशनं मागे सेक्टर २१ ला जायची, तिथे गाडी रिकामी झाली की खिडकीजवळची जागा पकडायची आणि मग आपलंच स्टेशन पुन्हा बघत ऑफिसला निघायची.

कारण? सातवा महिना.

दिल्ली मेट्रोचा पहिला डबा २०१० पासून बायकांसाठी राखीव आहे. तिथे कुणी उठून जागा देत नाही का? नाही. महिलांच्या डब्यात सगळ्याच महिला, त्यामुळे कुणाचंच विशेष नाही. सगळ्या दमलेल्या, सगळ्यांच्या माना फोनमध्ये. वर भिंतीवर गरोदर बाईचं चित्र असतं.

चित्रातली बाई मात्र बसलेली असते.

त्याच पोटाला रविवारी फुलांचा झोपाळा मिळाला. सोसायटीच्या हॉलमध्ये डोहाळजेवण. नावेतलं करावं, बागेतलं की चांदण्यातलं, यावर ताईने, म्हणजे भाचीच्या आईने, सांगलीहून तीन आठवडे फोन केले होते. शेवटी चांदण्यातलं ठरलं. नोव्हेंबरच्या दिल्लीत आकाशात चांदणं दिसत नाही, म्हणून थर्माकोलचं आणलं.

अडीच तास भाची त्या झोपाळ्यावर होती. पाठ टेकायला मागे काही नाही. फोटोग्राफर म्हणत होता, 'मॅडम, थोडा और स्माइल.' मॅडमला बाथरूमला जायचं होतं.

मग झाकलेल्या वाट्या आल्या. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा केला महाराष्ट्राने, १९८८ मध्ये. देशाला जाग यायला १९९४ उजाडलं. तेव्हापासून प्रत्येक सोनोग्राफी सेंटरात पाटी आहे. हॉलमध्ये पाटी नसते. भाचीने झाकण उचललं, बर्फी निघाली.

'पुन्हा उचल, पुन्हा उचल,' असं म्हणणाऱ्या बाई पीएचडी आहेत.

द्वारकेबाहेरच्यांसाठी एक खुलासा. आमच्याकडे सीजीएचएसचे दोन अर्थ होतात. एक सेंट्रल गव्हर्नमेंट हेल्थ स्कीम, दुसरा को-ऑपरेटिव्ह ग्रुप हाउसिंग सोसायटी. पहिल्यात पुढे पाठवतात, दुसऱ्यात थांबवून सल्ला देतात. लिफ्टमध्ये पाचव्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत भाचीला पपई नको, नारळपाणी हवं, केशर घाल, डावीकडे वळून झोप, उजवीकडे बघूही नकोस, एवढं सगळं मिळायचं. फुकट.

लिफ्टमध्ये स्टूल ठेवावं, हे मात्र एकाही जनरल बॉडी मीटिंगमध्ये सुचलेलं नाही.

डॉक्टर म्हणाल्या, रोज अर्धा तास चालत जा. चांगला सल्ला. द्वारकेत बागा आहेत, रुंद रस्ते आहेत. फक्त हवेचा निर्देशांक चारशेच्या वर होता. दुसऱ्या डॉक्टर म्हणाल्या, घराबाहेर पडूच नका. भाचीने दोघींचा मान राखला. सोफा ते फ्रीज अशा चाळीस फेऱ्या ती रोज मारायची.

आता दवाखाना. सरकारी म्हणाल तर सेक्टर ९ मध्ये इंदिरा गांधी रुग्णालय आहे, १,२४१ खाटांचं. वर्षानुवर्षं बांधकाम चाललं आणि मे २०२१ मध्ये कोविडची लाट अंगावर आली तेव्हा त्याचं दार किलकिलं झालं. पलीकडे डाबडीला दादा देव मातृ एवं शिशु चिकित्सालय आहे, खास आई-मुलांसाठीच. सोसायटीत कुणालाही विचारा, दोन्हीचे पत्ते पाठ असतात.

कामवालीला सांगण्यासाठी.

आपण जातो खाजगीत. तिथे पॅकेज असतं. मंगल कार्यालयाच्या दरपत्रकासारखं चकचकीत पत्रक मिळतं: इतके दिवस, इतक्या तपासण्या, डिलक्स रूम, सुइट. सुइटमध्ये नातेवाईकांना सोफा, टीव्ही, केक आणि बाळाच्या पावलांचा ठसा. सगळ्यांच्या सुखसोयी छापलेल्या. आणि जिला कळा येणार तिच्यासाठी काय? शेवटच्या ओळीत, बारीक अक्षरात: वेदनाशमन, वेगळा आकार.

म्हणजे केक पॅकेजमध्ये आणि कळा पॅकेजबाहेर!

जानेवारीत एका पहाटे भाचीला नेलं. लेबर रूमच्या दाराशी जावयाला थांबवलं. 'जेंट्स अलाउड नहीं.' ताई पुढे झाली. 'अम्माजी, आप भी बाहर बैठिए.' मी मावशी, म्हणजे यादीतच नाही. दार बंद झालं. आत ती एकटी, बाहेर आम्ही तिघं, केक खाण्याच्या तयारीत.

फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने सार्वजनिक दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवायला परवानगी दिली आहे. अट अशी की ती बाई असावी आणि तिने स्वतः कळा सोसलेल्या असाव्यात. जिथे आडोशाची नीट सोय असेल तिथे नवराही चालेल. म्हणजे नवऱ्याचा प्रश्न पडद्यावर अडला आहे.

एक पडदा! कापडाचा, कड्यांवर सरकणारा. चांद्रयान पाठवणाऱ्या देशात.

बरं, आम्ही राहतो द्वारकेत. ज्याच्या नगरीचं नाव आम्ही सेक्टरांना चिकटवलं, त्याचा जन्म आठवा. कंसाचा तुरुंग, हातापायांत बेड्या, दाराला कुलूप. तरी देवकीपाशी वसुदेव होता. त्या कैदखान्यात नवऱ्याला आत राहू दिलं होतं.

पहारेकरी झोपले होते म्हणा. तेवढं साम्य रात्रपाळीत अजून सापडतं.

सोबतीने काय होतं, असं विचारणाऱ्यांसाठी: २६ चाचण्या आणि १५ हजारांहून अधिक बायका यांचा एकत्र हिशेब कॉक्रेनच्या अभ्यासकांनी २०१७ मध्ये मांडला. जिच्याजवळ कुणीतरी सतत असतं तिचं बाळंतपण आपसूक होण्याची शक्यता वाढते, कळांचा काळ थोडा कमी होतो, सिझेरियन कमी लागतं. आपल्या आज्या हे चाचण्यांशिवाय करत होत्या. पाठीवर हात ठेवायच्या, 'झालं गं, झालं' म्हणायच्या.

पाठीवरच्या हाताला जीएसटी लावता येत नाही, म्हणून तो पॅकेजमध्ये नाही.

आत गेल्यावर काय करायचं? उताणं झोपायचं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये प्रसूतीबद्दल ५६ शिफारशी छापल्या. त्यांत आहे की बाईला हिंडू-फिरू द्या, तिला सोयीच्या वाटणाऱ्या स्थितीत बाळंत होऊ द्या. बसून, उकिडवं, कुशीवर, जसं जमेल तसं. आमच्याकडे पलंग एकाच प्रकारचा असतो आणि डॉक्टरांना उभं राहायला एकच बाजू सोयीची असते.

गुरुत्वाकर्षणाचा नियम लेबर रूमच्या दारात चपलांबरोबर काढून ठेवायचा.

त्याच शिफारशींत आहे की जोखीम नसलेल्या बाईला कळांमध्ये पाणी पिऊ द्या, खाऊ द्या. सरसकट एनिमा नको, सरसकट केस काढणं नको, सरसकट छेद आणि टाके नकोत, बाळ बाहेर यावं म्हणून पोट वरून दाबणं तर नकोच. भाचीने दोनदा पाणी मागितलं. दोनदा ओला कापूस ओठांवरून फिरवला. हे आपल्याकडे आणखी कुणाला करतात, ते तुम्हाला सांगायला नको.

आणि ओरडली तर? तर ते जगप्रसिद्ध वाक्य येतं: 'तेव्हा नाही ओरडलीस?' हिंदीत असतं, मराठीत असतं, नर्सकडून येतं, आयाकडून येतं, कधी पांढऱ्या कोटातूनही येतं. बाळंत झालेल्या कुठल्याही बाईला विचारा, तिने स्वतः ऐकलेलं असतं नाहीतर शेजारच्या खाटेवर पडलेलं.

केंद्राच्या 'लक्ष्य' या २०१७ च्या कार्यक्रमात लेबर रूममधली सन्मानाची वागणूक हाही गुणवत्तेचा भाग आहे. तपासनीस येतो त्या दिवशी ते वाक्य कपाटात ठेवत असावेत.

कळांबद्दल आमचं एक राष्ट्रीय मत आहे: सोसायच्याच असतात. दाढ काढताना भूल हवी, गळू फोडताना भूल हवी. बाळंतपणात? 'आम्ही नाही का सोसल्या?' ही आमच्या ताईची ओळ. पाठीतलं इंजेक्शन म्हणजे तिच्या मते माजोरडेपणा.

राणी व्हिक्टोरियाने ७ एप्रिल १८५३ ला आठव्या बाळंतपणात क्लोरोफॉर्म घेतला. डॉक्टर होते जॉन स्नो. त्यानंतर बरोब्बर नऊ दिवसांनी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी सुटली. गाडीलाही लोक आधी भुताटकी म्हणाले आणि मग रांगेत उभे राहिले. आज आमची चर्चा बुलेट ट्रेनपर्यंत आली आहे.

भूल अजून बोरीबंदरला उभी आहे.

भाचीने इंजेक्शन मागितलं. भूलतज्ज्ञ 'ऑन कॉल' होते, म्हणजे फोनवर होते. ते येईपर्यंत सिझेरियन ठरलं. सिझेरियन ठरल्यावर ते वीस मिनिटांत आले.

यावर मी काही म्हणत नाही, आकडे म्हणतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली २१.५ टक्के बाळंतपणं सिझेरियनने झाली. सरकारी दवाखान्यात १४.३ टक्के. खाजगीत ४७.४. खाजगीत गुंतागुंतीच्या केसेस जास्त येत असतील, मान्य. पण तिप्पट? बाईची कंबर दारावरची पाटी वाचून अरुंद होते की काय?

डॉक्टरांना एकट्याला झोडपू नका. मुहूर्त आपणच आणतो. सोसायटीतल्या एका आजोबांनी पंचांग घेऊन डॉक्टरांची वेळ मागितली होती. अकरा चौदा ते अकरा एकोणतीस, त्यानंतर राहुकाळ. आणि ज्या गावातल्या बाईला सिझेरियन खरंच हवं असतं, तिच्या वाटेत भूलतज्ज्ञ नाही, रक्त नाही, गाडी नाही. राहुकाळ तिचाच.

कुणी म्हणेल, पूर्वी बायका मरत होत्या, आता जगतात, हे काय कमी आहे? कमी नाही. २०१८-२० मध्ये देशात लाख जिवंत जन्मांमागे ९७ माता दगावल्या, महाराष्ट्रात ३३. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या आणि दहा दिवसांत बाळ गेलं. मग अमेरिकेत जाऊन १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या, प्रबंधाचा विषयही प्रसूतिशास्त्रच. तिथपासून इथपर्यंत आलो, त्याबद्दल हात जोडले पाहिजेत.

पण जीव वाचवला एवढ्यावर उशी मागायची नाही, असा करार कधी झाला होता?

सरकारही हिशेबात पक्कं. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात लिहिलं आहे की गरोदर बाईला किमान सहा हजार रुपये द्यावेत. २०१७ ची मातृवंदना योजना पहिल्या बाळासाठी पाच हजार देते. वरचे एक हजार? ते जननी सुरक्षा योजनेतून येतात आणि सगळं मिळून सरासरी सहा होतात. सरासरीने लोखंडाच्या गोळ्या घेता येतात का, ते माहीत नाही. त्याच कुटुंब आरोग्य पाहणीत निम्म्याहून जास्त गरोदर बायका पंडुरोगी निघाल्या, ५२.२ टक्के.

त्यात सरासरी नको होती, ती मात्र पक्की आली.

रजेचं बघू. २०१७ च्या दुरुस्तीने २६ आठवडे मिळाले, त्यांतले आठ बाळंतपणाआधी घेता येतात. घेतं कोण? भाची नवव्या महिन्यापर्यंत उलटा प्रवास करत राहिली, कारण आधी घेतलेला प्रत्येक आठवडा नंतर बाळाच्या वाट्यातून जाणार. पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघर हवं, आईला दिवसातून चारदा तिथे जाऊ द्यावं, हेही कायद्यात आहे. भाचीच्या ऑफिसात पाळणाघराची खोली आहे. दारावर फुलपाखरू आहे.

आत तीन जुने प्रिंटर आहेत. जुळी-तिळी म्हणावं तर तेही चालत नाहीत.

२८ जुलै १९२८ ला मुंबईच्या कायदेमंडळात डॉ. आंबेडकर प्रसूतिरजेच्या विधेयकाच्या बाजूने उभे राहिले. आईला आधी आणि नंतर विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, तेव्हा भार मुख्यतः सरकारने उचलावा, पण मालकालाही सुटका नाही, असा त्यांचा मुद्दा होता. १९२९ ला कायदा झाला, देशातला पहिला. आज ईएसआयमध्ये बसणाऱ्या बायका सोडल्या तर रजेचा पगार एकट्या मालकाने द्यायचा. परिणाम? मुलाखतीत पंचविशीच्या मुलीला विचारतात, 'लग्नाचं काय प्लॅनिंग?' हा प्रश्न कुठल्या कलमाखाली येतो ते साहेबांना ठाऊक असतं, म्हणून ते हसत विचारतात.

बापाचं काय? केंद्र सरकारी बाप असेल तर पंधरा दिवस. खाजगी बापाला कायद्याने शून्य. आमच्या जावयाने दवाखान्यातल्या त्या प्रसिद्ध सोफ्यावरून तीन मीटिंगा केल्या. कॅमेरा बंद ठेवून. बाळ रडलं तर 'बॅकग्राउंड नॉइज' म्हणाला.

मुलगी झाली. बर्फी बरोबर होती.

घरी आल्यावर दोन आघाड्या उघडल्या. ताईचे डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर. विहीणबाई रोहतकच्या, त्यांचे गोंदाचे लाडू आणि अजवाईनचं पाणी. 'आमच्याकडे डिंकच लागतो,' ताई. 'हमारे यहाँ तो गोंद ही चलता है,' विहीणबाई. पंधरा दिवस शीतयुद्ध चाललं. दोन्ही डब्यांत एकाच झाडाचा चीक आहे, हे बाळ-बाळंतिणीसाठी ठेवलेल्या जापावालीने सांगितलं.

बाळंतिणीला वरण-भात हवा होता. तिला विचारलं कुणी?

ताईला शेक-शेगडीही हवी होती. खाटेखाली निखारे, ओव्याची धुरी, दारं-खिडक्या बंद. सांगलीच्या कौलारू घरात हे चालून जायचं, कारण कौलांना फटी होत्या. दिल्लीतल्या बंद फ्लॅटमध्ये अंगीठीच्या धुराने माणसं झोपेतच गेल्याची बातमी दर थंडीत येते. शेवटी जावयाने ऑइल हीटर आणला. ताईने त्याच्यावर ओवा टाकून पाहिला.

जापावाली झारखंडची. चाळीस दिवस, चोवीस तास, मालिश, आंघोळ, रात्रीचं जागरण. बाळाला कुशीत घेऊन असं काही थोपटायची की पाहत राहावं. तिचं स्वतःचं दीड वर्षाचं पोर गावी सासूजवळ होतं. रात्री व्हिडिओ कॉलवर ते हिला 'दीदी' म्हणायचं.

पाहुण्यांची रांग लागली. नाक कुणाचं, रंग कुणाचा, जावळ कुणासारखं. भाचीच्या पोटावर टाके, उठता-बसता जीव जायचा. ती खुर्चीवरून उठून पाहुण्यांना खुर्ची द्यायची. तिसऱ्या आठवड्यात ती एकदा न्हाणीघरात तासभर रडत बसली. बाहेर सगळे म्हणाले, दूध कमी आहे, म्हणून असं होतं. तिला नेमकं काय होतंय, हे मीही विचारलं नाही.

मी बाळाच्या पायांचे फोटो काढत होते.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आमचं अभिनंदन धो धो वाहिलं. फुगे, हृदयं, लक्ष्मी आली वगैरे. भाचीच्या घरी फरशी पुसायला येणारी बाई बिंदापूरहून येते. तिलाही सातवा लागला होता. तिच्या कामाला २६ आठवडे लागू नाहीत, दोनही नाहीत, कारण घर हे कायद्याच्या लेखी कारखाना नाही. एके दिवशी पोछा मारता मारता ती जिन्याच्या पायरीवर टेकली. भाची म्हणाली, 'बसून घे, राहू दे आज.' ती लगेच उठली. 'दीदी, पैसे कटेंगे क्या?'

भाचीने पैसे कापले नाहीत. खरं सांगते.

त्याच संध्याकाळी ग्रुपवर एक मेसेज आला. वर अजून आमचे फुगे तरंगत होते. 'अर्जंट मेड चाहिए, झाडू-पोछा, दोन वेळ. बी ब्लॉक. प्रेग्नंट नहीं चाहिए.'

बी ब्लॉक आमचा. नंबर ताईचा होता.